कर्ता गेला, रेशनकार्ड दिरांच्या नावावर: अशा घराला मदत कुठून मिळवून द्यायची?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. आमचं गाव गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या अंगाला. शेजारच्या वहिनींसाठी विचारतेय. त्यांचे यजमान हर्णैच्या एका बोटीवर खलाशी होते. गणपतीनंतर कावीळ झाली, अंगावर काढली, आणि ऐन हंगामात माणूस गेला. वय 44. मागे म्हाताऱ्या सासूबाई, बारावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा.

घर चिऱ्याचं आहे, अंगणात चार माड आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटेल, बरं चाललंय यांचं. पण घर सामाईक. दोन्ही दीर मुंबईला. सातबाऱ्यावर अजून आजेसासऱ्यांचंच नाव, वारसनोंद कोणी केलीच नाही, म्हणून शेतकरी सन्मानचे पैसेही कधी आले नाहीत. रेशनकार्ड केशरी, थोरल्या दिरांच्या नावावर सगळ्यांचं एकत्र, त्यावर धान्य मिळत नाही. वहिनी आंब्याच्या दिवसांत बागेत जातात, पावसात लावणीला, एरवी मासळी निवडायला. शिवाय आठवड्याच्या हप्त्याचं एक कर्ज आहे, मंगळवारी माणूस दारात येतो.

त्या कोणाकडे काही मागत नाहीत. परवा मुलगा आमच्याकडे मीठ मागायला आला आणि जेवून जा म्हटलं तर "पोट भरलंय" म्हणाला. भरलेलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मला सगळ्या योजनांची यादी नकोय, ती मोबाईलवर मिळते. प्रत्यक्षात काय मिळतं, कुठल्या क्रमाने मिळतं आणि कोणाला भेटायचं, एवढं अनुभवी माणसांनी सांगावं.

सड्यावरचा

कोकणातला माणूस उपाशी राहील पण हात पसरणार नाही. आम्ही लहानपणापासून हेच ऐकलं आणि त्याचा अभिमान आहे. वहिनींना सलाम.

सुरंगी

सड्यावरचा, राग मानू नका, पण उपाशी राहण्यात अभिमान मोठ्यांचा असतो, पोट मुलाचं असतं. सातवीतल्या पोराने "पोट भरलंय" म्हणायला शिकणं मला तरी बरं वाटत नाही.

तहसीलवारी

खाडीकाठची ताई, क्रम खरंच महत्त्वाचा आहे. आमच्या वाडीतल्या तीन-चार घरांसाठी मी ही पायपीट केली आहे, त्यावरून लिहितो.

सगळ्यात आधी ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला, जास्तीच्या प्रतींसह. पुढे प्रत्येक टेबलावर तो लागतो.

दुसरं रेशनकार्ड. एकत्र कार्डातून वहिनी, सासूबाई आणि मुलांची नावं कमी करून स्वतंत्र कार्ड काढायचं. अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत. कार्डाचा रंग आणि धान्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथे लोक फसतात. केशरी कार्ड असलं तरी 'प्राधान्य कुटुंब' म्हणून शिक्का असेल तर माणशी 5 किलो धान्य मिळतं, आणि 2023 पासून ते फुकट आहे. ग्रामीण भागात त्यासाठी वर्षाचं उत्पन्न 44 हजारांच्या आत लागतं. चार माणसं म्हणजे महिन्याला 20 किलो. अंत्योदयचं पिवळं कार्ड झालं तर घरामागे 35 किलो, आणि विधवा कुटुंबप्रमुख असलेलं निराधार घर अंत्योदयाच्या निकषात बसतं. अर्जात हे स्पष्ट लिहा. तालुक्याचा इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या, भरलाय असं उत्तर मिळू शकतं. तरी अर्ज द्याच आणि पोच घ्या. यादीतली नावं कमी होतात तेव्हा जागा निघते, आणि जागा निघाल्यावर आधीचा अर्ज असलेल्याचाच विचार होतो.

तिसरं, मुलांचं बालसंगोपन. हे कोणी सांगत नाही म्हणून ठळक लिहितो. आई किंवा वडील गेलेल्या मुलाला महिन्याला 2250 रुपये मिळतात, 18 वर्षांपर्यंत. अर्ज रत्नागिरीला जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात, मंजुरी बालकल्याण समितीची. मुलगी बारावीत म्हणजे 17 ची असेल, तिचा अर्ज आधी टाका. एकदा 18 पूर्ण झाली की गेलं.

वहिनींना लाडकी बहीणचे 1500 मिळतात का? मिळत असतील तर संजय गांधी निराधारचे 1500 वर आणखी मिळणार नाहीत, दोन्हींतलं एकच. पण बालसंगोपन मुलांचं आहे, ते वेगळं.

सासूबाई 65 च्या पुढे असतील तर श्रावणबाळ. तेही महिन्याला 1500.

बोरूबहाद्दर

मी बँकेतून निवृत्त झालो. एकच गोष्ट सांगतो, आजच्या आज करा. गेलेल्या माणसाची सगळी पासबुकं काढा आणि मे-जूनच्या नोंदी बघा. 436 रुपये कापलेले दिसतात का? ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची वर्गणी. 2022 च्या आधीची नोंद असेल तर 330 दिसतील. यात मरण कशानेही आलेलं चालतं, आजारानेसुद्धा, आणि वारसाला 2 लाख रुपये मिळतात. 18 ते 50 वयात नाव घातलेलं लागतं. 20 रुपये कापलेले दिसले तर तो अपघाताचा विमा, तो इथे लागू नाही.

खातं उघडताना किंवा गावात शिबिर लागलं तेव्हा सही घेतलेली असते आणि घरात कोणाला पत्ता नसतो. माझ्या काउंटरवर अशा बायका यायच्या, खातं बंद करायला. मी पासबुक चाळून परत बसवायचो. खातं बंद करायची घाई अजिबात करू नका.

तांडेल_मिरकरवाडा

बोरूबहाद्दर काका, लाख मोलाचं बोललात.

मासेमारीच्या बाजूने सांगतो. खलाशी कुठल्या मच्छीमार सोसायटीचा सभासद होता का, विचारा. बहुतेक खलाशी नसतात, सभासद असतो बोटवाला. सभासद असता तर 1 जून ते 31 जुलै बंदीच्या काळासाठी बचत-नि-मदत योजना आहे, माणसाने 1500 भरायचे, सरकार 3000 घालतं, असे 4500 बंदीत मिळतात. हे आता त्या घराला उपयोगी नाही, पण इथे वाचणाऱ्या खलाशांनी नाव घालून घ्यावं. मच्छीमारांचा 5 लाखांचा विमा आहे, पण तो अपघाताचा. काविळीला नाही.

दुसरं म्हणजे बोटीचा हिशेब. खलाशाने हंगामाच्या सुरुवातीला उचल घेतलेली असते. माणूस गेल्यावर काही मालक उचल माफ करतात, वर चार पैसे देतात. काही घरी निरोप पाठवतात की बाकी निघतेय. मालकाकडे वहिनींना एकट्या पाठवू नका. गावातले दोन वडीलधारे घेऊन जा, वही उघडायला लावा, त्याने ओढलेल्या फेऱ्यांचा वाटा धरला की नाही ते बघा.

कातळफूल

संजय गांधीच्या अटीबद्दल कोणीतरी बोलायला हवं. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21 हजार. म्हणजे महिन्याला 1750. या पैशांत चार माणसं जगतात असं ज्या घराबद्दल म्हणता येईल ते घर मला कोकणात दाखवा. रोजंदारीला चार-सहा दिवस गेलं तरी बाई मर्यादेच्या बाहेर. मग तलाठ्याकडे जाऊन 21 हजारांचा दाखला "करून घ्यायचा". खरं बोलणारी बाई अपात्र. आपण इथे सल्ले देताना खोट्या दाखल्याला उत्तेजन देऊ नये असं माझं मत आहे.

तहसीलवारी

कातळफूल, मी खोटा दाखला घ्या असं कुठेही लिहिलेलं नाही. पण एक विचारतो. कर्ता गेल्यावर घरात उत्पन्न किती उरलं ते मोजलंय का कोणी? मागच्या वर्षी खलाशाचा पगार होता, तो आता शून्य. आंब्याचे दोन महिने सोडले तर वहिनींच्या हाताला नियमित काम नाही. दाखला आजच्या परिस्थितीचा मागायचा, मेलेल्या माणसाच्या पगाराचा नाही. तलाठी जुन्या आकड्यावरून लिहायला लागला तर मृत्यूचा दाखला पुढे ठेवायचा. यात खोटं काय?

कातळफूल

हे पटलं. माझा मुद्दा मर्यादेबद्दल होता आणि तो कायम आहे. ती मर्यादा बदलेपर्यंत खरं बोलणाऱ्या बायकांचं नुकसान होतच राहणार.

वेंगुर्ल्याची_आवशी

बाये, लाज कसली? रेशन सरकार देता, कोणाच्या घरचा नाय. तू त्या वैनीक घेवन तहसीलीत जा. एकट्या बाईक "उद्या ये" सांगतत, दोघी गेल्यार बसाक खुर्ची देतत.

परळकर

दोन दिवस हा धागा वाचतोय. दिरांबद्दल थोडं बोलू द्या, कारण मी स्वतः तसाच एक दीर आहे.

गावाला वाटतं मुंबईचा भाऊ म्हणजे पैसा. माझे वडील परळच्या गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि आमच्या घरची मनीऑर्डर थांबली ती कायमची. त्या काळात राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत वाण्याच्या वहीवर घरं जगली. वडील गावाला परत आले, मग पुन्हा मुंबईला जाऊन वॉचमन झाले. आज मी नालासोपाऱ्यात एका खोलीत राहतो, घराचा हप्ता भरतो, रोज लोकलला लटकतो. गावाहून फोन आला की पोटात गोळा येतो, कारण द्यायला काही नसतं आणि नाही म्हणायला तोंड नसतं.

रेशनकार्ड वेगळं करायला दीर आडकाठी करतील अशी भीती असेल, तर त्यामागचं कारण समजून घ्या. त्यांना वाटतं की कार्ड वेगळं म्हणजे वाटणी. आज कार्ड, उद्या घराचा हिस्सा. त्यांच्याशी फोनवर बोलू नका, कोणीतरी मुंबईत जाऊन समोर बसून बोला. गावचं मुंबई मंडळ असेल तर मंडळाच्या वडीलधाऱ्याला मध्ये घाला. मंडळाच्या माणसाने सांगितलेलं भाऊ ऐकतात.

सुरंगी

परळकर, मनापासून लिहिलंत. पण मंडळाबद्दल माझा अनुभव सांगते. वडील गेल्यावर आम्हाला वह्या-दप्तरं दिली होती एका मंडळाने. आम्हा भावंडांना स्टेजवर उभं केलं, नावं पुकारली, "गरजू विद्यार्थी" म्हणून फोटो काढला. तो फोटो पुढे वर्षभर मंडळाच्या पत्रकावर. मी आठवीत होते. वर्गातली मुलं बघायची. त्या वह्यांवर लिहायला माझा हात वळत नव्हता.

मदत करणाऱ्यांना हात जोडून विनंती, फोटो काढू नका. पैसे शाळेत भरा, पुस्तकं घरी नेऊन द्या. देणाऱ्याचं नाव घरच्यांना कळलं तरी पुरे.

सड्यावरचा

सुरंगी, हे वाचून माझं पहिलं वाक्य पुन्हा वाचलं. तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. पण गावात सगळंच वाईट नव्हतं हेही लिहितो. आम्ही पावसात टाकळा, भारंगी, फोडशी खाऊन वाढलो. आठळ्या भाजून, कुळथाची पिठी, पेज आणि भाजलेलं सुकट. पैसा नव्हता पण ताटात चव होती. खाडीत भरती उतरली की कालवं, मुळे, तिसऱ्या. कोणी उपाशी मरत नव्हतं.

कालवंवाली

दादा, कालवं काढायला कधी गेलात का हो? मी जाते. ओहोटीला कंबरेत वाकून खडकावर कोयतीने फोडायची, बोटं कापतात, मीठ झोंबतं, आणि भरतीची वेळ झाली की पळायचं. निम्मं विकायचं, निम्मं घरात. चव असते, खोटं नाही. पण आवडीने खाणं आणि दुसरं काही नाही म्हणून रोज खाणं यात खूप फरक आहे. पिठीभाताला चार महिने भाजी नसते तेव्हा पोरं ताटावरून उठतात.

आणि हो, पावसाळ्यातच घर बसतं. आंबा संपलेला, मासेमारी बंद, लावणी झाली की काम नाही. श्रावणात सण येतात आणि हातात पैसा नसतो. मदत करायची असेल तर मे महिन्यात करा, बेगमी भरायला. तांदूळ, कांदे, सुकी मासळी, जळण, कौलांवर टाकायला ताडपत्री. गणपतीत सगळे येतात, तेव्हा घर सावरलेलं असतं, कोणाला काही दिसत नाही.

सड्यावरचा

गेलो नाही. तुमचं मे महिन्याचं लिहून ठेवलं, यंदा आमच्या वाडीत तसंच करतो.

रोहेकर_मास्तर

इथे चर्चा घर असलेल्यांची चाललीय, ती व्हायलाच हवी. पण कोकणातली सगळ्यात खोल गरिबी कातकरी वाडीत आहे आणि तिचं नाव इथे अजून आलं नाही म्हणून लिहितो. मी रोहा भागात शाळेत शिकवतो. दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. मुकादमाकडून पावसाळ्यात उचल घेतलेली असते, ती फेडायला अख्खं कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातं. मुलंही जातात. पटावर नाव असतं, बाकावर मूल नसतं. हंगाम संपतो, हिशेब होतो आणि बाकी निघतेच. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. 1976 चा वेठबिगारी बंदीचा कायदा आहे. उचलीपायी माणसाला बांधून ठेवणं गुन्हा आहे. पण वाडीवरच्या माणसाला ते सांगायला कोणी जात नाही.

कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंड हे इतर दोन. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये पीएम जनमन सुरू झालं तेव्हापासून वाड्यांवर शिबिरं लागतात, आधार, जातीचा दाखला, रेशनकार्ड, घरकुल. काही वाड्यांवर खरंच काम झालं. घरकुलाला मात्र जागा लागते, आणि वाडी दुसऱ्याच्या जमिनीवर किंवा वनखात्याच्या हद्दीत असते. तिथे गाडी अडते.

एक उपयोगी गोष्ट सांगतो. भट्टीवर गेलेल्या कुटुंबाला तिथल्या दुकानातूनही रेशन उचलता येतं, 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे. आमच्या वाडीतल्या बऱ्याच जणांना हे माहीतच नव्हतं, ते सहा महिने विकतचे तांदूळ खायचे. जाण्याआधी कार्डावरच्या प्रत्येकाची ई-केवायसी तेवढी झालेली असू द्या.

खाडीकाठची

रोहेकर मास्तर, बरं झालं लिहिलंत. आमच्या गावाबाहेरही एक कातकरी वाडी आहे. त्यांची कागदपत्रं झाली की नाही हे मी कधी कोणाला विचारताना ऐकलेलं नाही.

सगळ्यांचे आभार. थोडी माहिती देते. वहिनींना लाडकी बहीणचे पैसे मिळतात. सासूबाईंचं आधार कार्ड आहे पण रेशन दुकानात त्यांचा अंगठा उमटत नाही, हातांच्या रेषाच उरलेल्या नाहीत. आणि मंगळवारच्या हप्त्याचं काय करायचं ते कोणी सांगेल का? कालही तो माणूस तासभर ओटीवर बसून होता.

उमेदची_ताई

मी बचत गटांचं काम करते, हप्त्याचं मी सांगते.

पहिलं, कर्जाची कागदपत्रं बघा. या कंपन्या कर्ज देतानाच विम्याचे पैसे कापून घेतात आणि बऱ्याचदा तो विमा नवरा-बायको दोघांचा असतो. नवरा गेला असेल तर उरलेलं कर्ज विम्यातून फिटू शकतं. दारात येणारा माणूस हे स्वतःहून सांगेलच असं नाही. कार्डावर किंवा करारावर विम्याची रक्कम लिहिलेली असते. शाखेत लेखी अर्ज द्या, सोबत मृत्यूचा दाखला, आणि पोच घ्या.

दुसरं, रिझर्व्ह बँकेचे 2022 चे नियम आहेत. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीसाठी फोन करायचे नाहीत, धमकी द्यायची नाही, अपशब्द वापरायचे नाहीत. घरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत. नवीन कर्ज काढून जुनं फेडा असं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. आमच्याकडे ज्या बायका बुडाल्या त्या पहिल्या कर्जाने नाही, तिसऱ्या-चौथ्याने.

गटातल्या इतर बायका "तुझ्यामुळे आमचं अडतं" म्हणून बोलतात, ते जास्त लागतं. गटाची बैठक लावून घरात काय घडलंय ते एकदा सगळ्यांसमोर सांगा. बायका समजून घेतात.

सासूबाईंच्या अंगठ्याचं: घरातल्या दुसऱ्या कोणाचाही अंगठा चालतो, कार्डावर नाव हवं. ई-केवायसीसाठी मात्र आधार केंद्रात नेऊन बोटांचे ठसे पुन्हा द्या, नाहीतर डोळ्यांवरून होतं का विचारा.

झेरॉक्सबंधू

या सगळ्या अर्जांना लागणाऱ्या प्रती मोजल्या तर तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्याचं घरकुल यातच बांधून होईल 😄 आमच्याकडे गुरुवारी बाजाराच्या दिवशी त्याच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. ताई, सगळ्या कागदांचा एक संच घरी करून पिशवीत ठेवा. दाखला, आधार, कार्ड, पासबुक, फोटो. दर वेळी शोधायला लागत नाही.

श्रीवर्धनकर

झेरॉक्सबंधू, अगदी खरं. निसर्ग वादळाच्या वेळी आम्ही हेच भोगलं. 3 जून 2020 ला सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. नुकसानभरपाई आली ती हेक्टरी, आणि आमच्याकडे माणसाची जमीन गुंठ्यांत, तीही सामाईक. पंधरा वर्षं वाढवलेली झाडं गेली आणि हातात आलं ते सांगायलाही नको वाटायचं. नंतर आरडाओरडा झाल्यावर झाडामागे धरायला लागले. ज्यांची वारसनोंद झालेली नव्हती ते मात्र शेवटपर्यंत कागद गोळा करत राहिले.

म्हणून वहिनींना सांगा, यजमानांची वारसनोंद आताच करून घ्या. कायद्याने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. आजेसासऱ्यांपासूनची नोंद राहिलीय म्हणजे काम लांबेल, पण अर्ज आज पडला तर पाच वर्षांनी तरी नाव लागेल. दीर हरकत घेतील म्हणून थांबू नका. नवऱ्याच्या हिश्शाला बायको-मुलं आणि आई वारस आहेत. वाटणी मागणं वेगळं, नाव लावणं वेगळं.

परळकर

श्रीवर्धनकरांच्या शेवटच्या वाक्याला माझं अनुमोदन. दिरांना हेच समजावून सांगा. नाव लागल्याने कोणाची भिंत हलत नाही.

कातळफूल

आणि ते ऐकत नसतील तर तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट तिथे बाईला नाही. 15100 वर फोन करून विचारता येतं. भांडायलाच जायला हवं असं नाही, एक कागद वकिलाच्या हातून गेला तरी बोलणी सुरू होतात.

चौकशीखिडकी

विषय थोडा बाजूला जाईल, पण काविळीचं वाचून राहवलं नाही. अंगावर काढण्याचं कारण बहुतेक वेळा पैसे असतं. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे. मोठ्या आजाराला महात्मा फुले जन आरोग्य योजना, रेशनकार्डावर, वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत. रुग्णालयाच्या दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं. दाखल व्हायच्या आधी तिथे जायचं, पैसे भरून झाल्यावर नाही.

मुंबईला न्यावं लागलं तर धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी राखीव असतात, त्यांच्यासाठी उत्पन्न मर्यादा 1 लाख 80 हजार. समाजसेवा अधीक्षकाला भेटायचं. आणि कॅन्सरसाठी टाटाला येणाऱ्यांनी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करावी. माझ्या काकूला घेऊन आम्ही तिथे राहिलो. फूटपाथवर राहायची पाळी आली नाही ती त्या जागेमुळे.

बोरूबहाद्दर

खाडीकाठची ताई, पासबुक बघितलंत का?

खाडीकाठची

काका, तेच सांगायला आले. तीन पासबुकं निघाली. एकात 436 ची नोंद आहे, मे अखेरची! वहिनी म्हणाल्या, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. बँकेत आम्ही दोघी गेलो. आधी "साहेब नाहीत" झालं, मग आवशीने सांगितलं तसं आम्ही तिथेच बसून राहिलो. शेवटी दाव्याचा अर्ज दिला त्यांनी. वारस म्हणून नाव कोणाचं टाकलंय ते बघून सांगतो म्हणालेत. पैसे हातात येईपर्यंत मी काही धरून चालणार नाही, पण अर्ज पोचला आहे आणि शिक्का मारलेली पोच वहिनींच्या ट्रंकेत आहे.

थोरल्या दिरांशी मंडळाच्या काकांनी बोलून घेतलं. कार्डातून नावं कमी करायला सही देतो म्हणाले. वारसनोंदीचं नाव काढल्यावर गप्प बसले. ते पुढे बघू.

उमेदच्या ताई, कर्जाच्या कार्डावर विम्याचे पैसे कापल्याचं लिहिलंय. दोघांचा आहे का ते शाखेत विचारायचं आहे.

वेंगुर्ल्याची_आवशी

देव बरे करो. वारसाचा नाव सासऱ्याचा निघाला तर घाबरा नको, वारस दाखलो मिळता.

बोरूबहाद्दर

बरोबर. नामनिर्देशित व्यक्ती हयात नसेल तर कायदेशीर वारसांना दावा करता येतो, कागद वाढतात इतकंच. पैसे आले की आधी हप्त्याचं कर्ज विम्यातून फिटतंय का ते पूर्ण तपासा, मगच त्याला हात लावा. दोन लाख आलेत हे गावात कोणाला कळू देऊ नका. लग्नाचं, घराच्या कौलांचं, उसन्याचं, सगळे दारात येतील. मुलीच्या नावाने काही मुदत ठेव करा.

सुरंगी

मुलगी बारावीनंतर काय करणार आहे? विचारलंय का कोणी तिला? माझ्या वेळी सगळ्यांनी धाकट्या भावाचं विचारलं, माझं कोणी नाही. मी शिकले ते आमच्या बाईंनी फॉर्म भरायला लावला म्हणून.

खाडीकाठची

विचारलं. नर्सिंग करायचंय तिला. वडिलांच्या आजारपणात जिल्हा रुग्णालयात जी सिस्टर होती तिच्यासारखं व्हायचंय म्हणते. पण घरात ती बोललेली नाही, आईला कामाला मदत हवी म्हणून.

चौकशीखिडकी

2024-25 पासून मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर. आर्थिक दुर्बल घटक, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) मुलींसाठी. अट एवढीच की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून हवा. थेट कॉलेजात जाऊन व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतला तर माफी नाही, इथे बरेच जण अडकतात. बीएस्सी नर्सिंगची प्रवेश परीक्षा असते, तिचा अर्ज बारावीच्या निकालाच्या बराच आधी भरावा लागतो. जातीचा आणि नॉन क्रिमिलेअर दाखला आत्ताच काढायला टाका, जूनमध्ये सेतूत रांगा लागतात.

परळकर

परीक्षेचं केंद्र मुंबईत आलं तर माझ्याकडे राहायची सोय आहे. खोली छोटी आहे, पण बायको आणि मुलगी आहेत घरात. नंबर धाग्यावर देत नाही, खासगी निरोप पाठवतो.

तहसीलवारी

मी पुढच्या गुरुवारी गुहागरला तहसीलीत आहेच, माझ्या मावशीच्या श्रावणबाळच्या अर्जासाठी. ताई, वहिनींना घेऊन 11 च्या आत या. पुरवठा शाखेत नावं कमी करायचा आणि नवीन कार्डाचा अर्ज एकाच वेळी देऊ. सोबत दिरांची सही असलेला कागद, दोघांची आधार कार्डं, जुनं रेशनकार्ड मूळ प्रत, मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती आणि वीजबिल आणा. बालसंगोपनासाठी मुलांचे शाळेचे बोनाफाईड दाखले त्याआधी घेऊन ठेवा, रत्नागिरीला जाताना लागतील.

खाडीकाठची

येतो. घरपट्टी थकलीय, ती उद्या ग्रामपंचायतीत भरते आणि पावती घेते. मुलगीही येईल म्हणाली, अर्ज तिच्याच हस्ताक्षरात लिहायचे आहेत तिला.